घरचं लोणी: साय धरण्यापासून तूप कढवण्यापर्यंत

पहिल्यांदा लोणी काढणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "कधीची घुसळतेय, पण लोणी येईचना!" मग दोष मिक्सरला जातो, नाहीतर दूधवाल्याला. खरं तर घुसळणं हा या कामातला सगळ्यात छोटा आणि सोपा भाग आहे. लोणी येणार का, किती येणार, चवीला कसं लागणार, हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं. दूध कोणतं घेतलं, साय कशी धरली, विरजण कधी लावलं आणि घुसळायला बसलात तेव्हा साय किती गार होती, एवढ्यावर सगळा खेळ आहे. त्यातही गारवा पहिला. म्हणून इथे घुसळण्यापेक्षा आधीच्या तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

दूध कोणतं घ्यायचं

म्हशीचं दूध घ्या. गाईच्या दुधाचंही लोणी निघतं, पण साय पातळ धरते आणि हाताला कमी लागतं. गाईच्या दुधातले स्निग्धांशाचे कण म्हशीच्या दुधातल्यापेक्षा बारीक असतात, त्यामुळे ते वर यायला वेळ लावतात. रंगाचा फरकही यात आलाच: गाईच्या दुधात कॅरोटिन उतरतं म्हणून लोणी पिवळसर, म्हैस त्याचं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. पांढरं लोणी बघून "यात काही भेसळ तर नाही?" असं विचारणारे लोक असतात. बाजारातलं पिवळं खारं बटर बऱ्याचदा रंग घालून पिवळं केलेलं असतं. वेष्टणावर घटकांची यादी वाचली की कळतं.

पिशवीचं दूध घेत असाल तर पिशवीवर दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे स्निग्धांश. फुल क्रीम दुधात तो किमान ६ टक्के असावा लागतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. डबल टोन्ड दुधाची साय जमवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. टोन्डची जमते, पण आठवड्याऐवजी पंधरा दिवस लागतील, आणि तेवढ्यात आधीची साय बिघडायला लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिशवीवर किंवा खोक्यावर 'होमोजिनाइज्ड' असा शब्द दिसला तर ते दूध या कामासाठी सोडून द्या. त्यात यंत्राच्या प्रचंड दाबाने स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगून येतच नाहीत. असं दूध कितीही महाग घ्या, तापवल्यावर वर नुसता पापुद्रा धरतो. महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध तर सगळं असंच असतं. घरी लोणी न निघण्याच्या निम्म्या गोष्टींचं मूळ इथे सापडतं.

गवळ्याकडचं सुटं दूध सगळ्यात चांगलं, पण ते उकळल्याशिवाय वापरायचं नाही. कच्च्या दुधाच्या लोण्याचं कौतुक ऐकू येतं. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, तेव्हा त्या वाटेला न गेलेलं बरं.

किती लोणी येईल याचा अंदाज आधीच करता येतो. ६ टक्क्यांच्या १ लिटर दुधात साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश असतो. रोज एक लिटर घेतलं तर आठवड्याला ४२० ग्रॅमच्या आसपास. त्यातला निम्मा सायीत आला असं धरलं तरी २०० ग्रॅमहून जास्त. लोण्यात थोडं पाणी राहतंच, म्हणजे हातात अडीचशे ग्रॅमचा गोळा यायला हरकत नाही. त्याच्या पावपटच आलं तर समजा, की दुधात किंवा साय काढण्यात काहीतरी गडबड आहे. उरलेला निम्मा स्निग्धांश चहात, कॉफीत आणि मुलांच्या पेल्यात जातो, तो वाया गेलेला नाही.

साय कशी धरायची

दूध पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात तापवा. पहिली उकळी आली की गॅस बारीक करून आणखी पाच-सात मिनिटं राहू द्या, आणि या वेळात ढवळू नका. मग पातेलं खाली उतरवून वर झाकण न घालता जाळी ठेवा. घट्ट झाकण घातलं की वाफेचं पाणी आतून टपकत राहतं आणि साय विरघळल्यासारखी पातळ होते.

दूध पूर्ण निवलं की फ्रिजमध्ये. निदान सहा-आठ तास त्याला हलवायचं नाही. सकाळी तापवलेल्या दुधाची साय रात्री काढा, रात्रीच्या दुधाची सकाळी. अर्ध्या तासात साय काढायची घाई केली तर जी हाताशी येते ती पातळ असते. गार दुधावर मात्र ती भाकरीसारखी जाड धरते आणि कडेने चमचा फिरवला की एका तुकड्यात सुटते. झाऱ्याने उचला, म्हणजे दूध खाली गळून जाईल. उरलेलं दूध पुन्हा तापवलं तर थोडी साय आणखी येते. दुसऱ्या वेळची साय विरळ असते, पण टाकू नये.

साय साठवायला स्टीलचा डबा, काचेची किंवा चिनीमातीची बरणी. प्लॅस्टिकच्या डब्याला सायीचा वास धरतो आणि तो पुढच्या सायीला लागतो. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ तर नकोच, कारण साय आंबट होणार आहे. रोज नवी साय घातली की चमच्याने खालपर्यंत ढवळायचं. वरच्यावर थर रचत गेलात तर वरचा पृष्ठभाग सुकून पिवळट होतो आणि तिथेच आधी बुरशी धरते.

किती दिवस जमवायची? फ्रिजमध्ये सात-आठ दिवस. दहाव्या दिवसापुढे साय कडवट व्हायला लागते, आणि तो कडवटपणा लोण्यातून तुपापर्यंत जातो; कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. घरात दूध कमी येत असेल तर साय फ्रीजरमध्ये जमवा. तिथे ती दोन-तीन आठवडे सहज राहते. वापरायच्या आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये आणून ठेवायची. डब्यात हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचं वापरायचा मोह होतो. करू नका, सगळं टाकून द्या.

विरजण लावायचं का?

न लावताही लोणी निघतं. ते गोडसर, सौम्य लागतं, आणि खाली राहतं ते ताक नाही तर पातळ दूधच. पण माझं मत स्पष्ट आहे: विरजावं. विरजलेल्या सायीचं लोणी लवकर सुटतं, जास्त निघतं, आणि जो घरच्या लोण्याचा म्हणून वास आपण ओळखतो तो विरजणातल्या जिवाणूंनीच तयार केलेला असतो. शिवाय ताक मिळतं ते वेगळंच. बिनविरजणाचं लोणी एकदा करून बघायला हरकत नाही, पण त्यात मन रमत नाही.

विरजायच्या दोन पद्धती आहेत. काही घरांत पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घालून त्यावर रोज साय टाकत जातात. हे सोपं आहे, आणि दह्यामुळे साय बिघडतही नाही लवकर. मात्र फ्रिजच्या गारव्यात दही लागायचं काम फार हळू चालतं, म्हणून शेवटच्या दिवशी डबा पाच-सहा तास बाहेर ठेवावा लागतो. दुसरी पद्धत म्हणजे साय नुसती जमवायची आणि लोणी काढायच्या आदल्या संध्याकाळी एकदम विरजायची. नवख्यांनी दुसरी धरावी, कारण त्यात आंबटपणा आपल्या हातात राहतो.

ती अशी: जमलेली साय मोठ्या पातेल्यात काढा. गार असेल तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. बोट बुडवल्यावर ना गार ना गरम वाटलं की पुरे. थेट गॅसवर ठेवू नका, तूप सुटायला लागतं आणि मग सगळंच तेलकट होऊन बसतं. अर्धा लिटर सायीला दोन मोठे चमचे ताजं, आंबट नसलेलं दही घाला, नीट मिसळा, आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात सहा तासांत लागतं. थंडीत, नाशिकसारख्या गार गावात, रात्रभर आणि वर सकाळचे दोन-तीन तास लागतील. पातेलं पिठाच्या डब्याशेजारी कांबळ्यात गुंडाळून ठेवणारी घरं आहेत. साय घट्ट झाली, दह्याचा हलका वास आला, की विरजण लागलं. आंबट होण्याची वाट बघायची नाही.

आणि मग, हे बरेच जण विसरतात, तिला परत फ्रिजमध्ये ठेवा. कमीत कमी चार तास.

गारव्याचं गणित

हे समजलं की पुढे कधी अडायला होत नाही, म्हणून थोडं थांबू.

दुधातला स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोळ्याभोवती अगदी पातळ आवरण असतं. त्या आवरणामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, दुधात तरंगत राहतात. घुसळताना ते एकमेकांवर आपटतात, आवरणं फाटतात, आतला स्निग्धांश बाहेर येतो आणि एकमेकांना धरून त्याचे दाणे होतात. पण चिकटण्यासाठी तो अर्धा घट्ट आणि अर्धा मऊ असावा लागतो. साय फार गार असली तर सगळा स्निग्धांश कडक. गोळे नुसते टकरा घेतात आणि मिक्सर फिरतच राहतो. साय गरम असली तर सगळा पातळ. आवरणं फाटतात, पण दाणा धरत नाही, ताकावर तेलकट तवंग येतो आणि बरंचसं लोणी ताकातच निघून जातं.

सायीला लागणारा मधला बिंदू साधारण १२ ते १५ अंश सेल्सियस. फ्रिजचं तापमान ४-५ अंश असतं, आणि एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या स्वयंपाकघरात पारा ४० च्या आसपास. म्हणजे फ्रिजमधून काढल्या काढल्याही नाही आणि तासभर बाहेर ठेवूनही नाही. उन्हाळ्यात दहा मिनिटं, पावसाळ्यात वीस, थंडीत अर्धा तास बाहेर ठेवायची. थर्मामीटर लागत नाही: भांड्याला बाहेरून दव धरलेलं असावं, सायीला बोट लावलं तर गार लागावं, पण बोट दुखू नये, आणि चमचा आत सहज शिरावा.

पहाटे उठून ताक घुसळायची जुनी पद्धत होती ती उगीच नाही. फ्रिज नव्हते, दिवसातला सगळ्यात गार वेळ तोच.

घुसळणं

मिक्सर असेल तर सगळ्यात मोठं भांडं घ्या आणि ते अर्ध्याहून जास्त भरू नका. साय फुलते, आणि आपटायला जागाच नसेल तर लोणी येणार कुठून? ताक-लोण्यासाठीचं बोथट पातं मिळालं असेल तर ते लावा, नाहीतर नेहमीचंही चालतं.

१. सायीत तिच्या निम्मं बर्फाचं गार पाणी घाला. हिवाळ्यात साधं पाणी चालेल.

२. मिक्सर सलग न चालवता दहा-पंधरा सेकंद चालवून थांबा, पुन्हा चालवा. सलग चालवल्याने भांडं तापतं आणि गारव्याची सगळी मेहनत वाया जाते. हात लावून बघत राहा; भांडं कोमट वाटलं तर बर्फाचे दोन-तीन खडे टाका.

३. साय आधी पातळ होईल, मग फुलून घट्ट होईल. इथे लोक हात टेकतात, कारण आता मिक्सर जड चालतो आणि काहीच घडत नाही असं वाटतं. थांबायचं नाही.

४. एकदम आवाज बदलतो. घोटल्याचा जड आवाज जाऊन पाणी हलल्यासारखा डबडब आवाज येतो. झाकण उघडून बघा: ताक वेगळं झालेलं असेल आणि वर रव्यासारखे पांढरे दाणे. आता फक्त एक-दोनदा हलकं फिरवा म्हणजे दाणे मोठे होतील. यापुढे चालवलं तर लोण्यात ताक घोटलं जातं आणि ते धुऊन निघत नाही.

हे सगळं तीन ते सहा मिनिटांत होतं. दहा मिनिटं होऊनही दाणा नसेल तर मिक्सर बंद करा आणि साय बोटाने तपासा. कोमट आणि तेलकट लागली तर पातेल्यात काढून तासभर फ्रिजमध्ये. बर्फगार आणि जड लागली तर अर्धी वाटी कोमट पाणी घालून पुन्हा. साय टाकून देण्याची वेळ जवळजवळ कधीच येत नाही.

रवीने घुसळायचं असेल तर उभट, खोल भांडं हवं, पसरट पातेल्यात सगळं बाहेर उडतं. भांडं खाली ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. दोन्ही तळव्यांमध्ये रवी धरून पुढे-मागे फिरवायची. वीस-पंचवीस मिनिटं धरून चाला. मिक्सर वाईट असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, पण रवीचं लोणी रवाळ आणि घट्ट येतं हे खरं आहे, कारण रवी तापत नाही आणि दाणे तुटत नाहीत. मोठ्या खटल्याच्या घरात डेरा, घुसळखांब आणि रवीला गुंडाळलेली दोरी असायची. दोन लिटरच्या आत साय असेल तर त्या थाटाची गरज नाही.

तिसरा मार्ग मुलांसाठी: जाड काचेची, घट्ट झाकणाची बरणी एक तृतीयांश भरायची आणि हलवत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत बरणीत गोळा आपटायला लागतो. सुट्टीच्या दिवशी मुलांना गुंतवायला याहून स्वस्त उपाय नाही.

धुणं

लोण्याचा टिकाऊपणा इथे ठरतो. दाण्यांमध्ये अडकलेलं ताक तसंच राहिलं तर लोणी दोन दिवसांत आंबट वास मारतं.

हात आधी गार पाण्यात बुडवा, नाहीतर लोणी हाताला चिकटतं. दाणे गोळा करून गार पाण्याच्या भांड्यात घ्या, हलक्या हाताने दाबा, पाणी दुधाळ झालं की वेगळ्या भांड्यात ओतून ठेवा आणि नवीन घ्या. तिसऱ्या पाण्याला बहुतेक स्वच्छ होतं. नाही झालं तर चौथं. मग तळहातावर दाबत दाबत पाण्याचे थेंब काढायचे. पहिलं धुणाचं पाणी ताकातच घाला, बाकीचं कणीक भिजवायला घ्या.

ताक लगेच वेगळ्या भांड्यात गाळून ठेवा. ते विकतच्या ताकापेक्षा दाट असतं. आलं, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर घालून प्या, नाहीतर संध्याकाळची कढी करा. फार आंबट झालं असेल तर कढीच.

ठेवायचं कसं, खायचं कसं

ताजं लोणी वाटीत गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पाणी रोज बदलायचं. असं चार-पाच दिवस छान राहतं. कोरडं, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर. लोणी वास फार पटकन ओढून घेतं, तेव्हा फ्रिजमध्ये कापलेला कांदा, लसणाची चटणी, सुकट यांच्या शेजारी उघडं ठेवू नये. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने निघतात.

ब्रेडला लावायचं म्हणून खारं हवं असेल तर २०० ग्रॅम लोण्याला अर्धा ते पाऊण लहान चमचा बारीक मीठ, धुऊन पाणी काढल्यानंतरच. मीठ घातलेलं लोणी थोडं जास्त टिकतं. मात्र खाऱ्या लोण्याचं तूप करायचं नाही. म्हशीचं लोणी फ्रिजमध्ये दगड होतं, बटरसारखं सुरीने पसरणार नाही. पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

बाकी कशाबरोबर खायचं हे मराठी माणसाला सांगायला नको. खरपूस थालीपीठावर वितळणारा गोळा, ज्वारीची गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा, लहान मुलांना लोणी-साखर. पंढरपूरला पहाटेच्या काकड्याला विठोबाला लोणी आणि खडीसाखर लागते. गोकुळाष्टमीला नैवेद्यासाठी विकतचं खारं बटर ठेवू नका, ही आपली माझी विनंती. एक वाटीभर साय विरजली तरी देवापुरतं लोणी निघतं.

साय जमवायची सोय नसेल तर

दूध कमी घेणाऱ्यांना, किंवा देशाबाहेर राहणाऱ्यांना, क्रीम विकत आणून लोणी करता येतं. इथे दुकानात मिळणारं २५ टक्क्यांचं 'फ्रेश क्रीम' भाजीत घालायला ठीक आहे, लोण्यासाठी त्याच्यावर भरवसा नाही. त्याचे कण बारीक केलेले असतात आणि घट्टपणासाठी वर काही मिसळलेलं असतं. त्यापेक्षा डेअरीत सुटं क्रीम मिळतं का विचारा. ते कच्च्या दुधाचं असेल तर मंद आचेवर ढवळत नीट तापवून, निववून मगच विरजा. आणि एक सावधगिरी: केकच्या सामानाच्या दुकानात 'व्हिपिंग क्रीम' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा 'नॉन-डेअरी' असतं, म्हणजे वनस्पती तेलाचं. दिवसभर घुसळलंत तरी त्यातून लोणी येणार नाही.

अमेरिकेत 'हेवी क्रीम' मागा. त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो. ब्रिटनमधलं 'डबल क्रीम' ४८ टक्क्यांचं, त्यामुळे ते तर फारच पटकन सुटतं. अर्धा लिटर हेवी क्रीममधून २०० ग्रॅमच्या आसपास लोणी येतं. जिवंत विरजण असलेलं साधं दही दोन चमचे घालायचं. घरात २० अंशच असतील तर विरजायला बारा ते अठरा तास द्या, किंवा ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून आत ठेवा. पुढची कृती वरचीच. तिकडे क्रीमचा भाव बघता बटर विकत घेणं स्वस्त पडतं, हे कबूल. पण थालीपीठावरचं पांढरं लोणी दुकानात मिळत नाही.

तूप कढवताना

बहुतेक घरांत लोण्याचा शेवट तुपातच होतो, आणि सायीच्या लोण्याचं तूप कढवताना थोडी जागरूकता लागते. सायीत स्निग्धांशाबरोबर दुधातली प्रथिनंही बरीच येतात. म्हणून या लोण्याला बेरी, म्हणजे तुपाखाली बसणारा गाळ, जास्त पडते, आणि ती बुडाला लागते.

लोणी ताजं असतानाच कढवा. जाड बुडाचं, लोण्याच्या दुप्पट-तिप्पट आकाराचं पातेलं घ्या, कारण फेस वर चढतो. आच मध्यम. लोणी वितळेल, मग पांढरा फेस येऊन तडतड सुरू होईल; हे पाणी आटतंय. हा आवाज चालू आहे तोवर घाई नाही, मधून मधून ढवळा. आवाज मंदावला की गॅस बारीक करा आणि आता पातेल्याजवळून हलू नका. फेस विरळ होतो, खालचं तूप पारदर्शक दिसायला लागतं, मग पुन्हा एकदा बारीक, नाजूक फेस वर येतो. बेरी बुडाशी सोनेरी दिसली की गॅस बंद. पातेलं गरमच असतं, बेरीचा रंग उतरवल्यावरही एक छटा पुढे जातो, म्हणून तांबूस होईपर्यंत थांबलात तर तूप जळक्या वासाचं होणार. उतरवल्या उतरवल्या विड्याचं एक पान घालतात, ते आधी कोरडं पुसून घ्या. ओलं पान गरम तुपात टाकलं तर उडतं आणि हात भाजतो.

पाच-दहा मिनिटं निवलं की स्टीलच्या गाळणीतून गाळा. काचेच्या बरणीत घालायचं असेल तर आणखी निवू द्या. रवाळ तूप आवडत असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवू नका. ओट्यावर एका कोपऱ्यात दोन दिवस न हलवता राहू द्या. सावकाश गार झालं की दाणा मोठा पडतो, फ्रिजमध्ये पटकन थिजवलं की तूप लोण्यासारखं गुळगुळीत होतं. अडीचशे ग्रॅम लोण्याचं साधारण दोनशे ग्रॅमला थोडं कमी तूप येतं.

बेरी फेकायची नाही. तिच्यात बरंच तूप अडकलेलं असतं: पातेल्यात वाटीभर पाणी घालून एक उकळी काढा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा, वर थिजलेलं तूप उचलून घ्या. ते भाजीला किंवा फोडणीला आधी संपवा, कारण त्यात पाण्याचा अंश राहतो आणि ते चांगल्या तुपासारखं टिकत नाही. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी गरम बेरीत पिठीसाखर कालवून पोळीबरोबर खावी, किंवा पराठ्याच्या कणकेत मळावी. फक्त ती दोन दिवसांच्या आत संपली पाहिजे, तिसऱ्या दिवशी तिला खवट वास येतो.